बॉनेट उघडण्याआधी

नवी थार दारात येते. पहिला महिना टायर, अलॉय आणि दिव्यांत जातो. दुसऱ्या महिन्यात बॉनेट उघडतं आणि गॅरेजवर प्रश्न सुरू होतात. ‘उस्ताद, कोल्ड एअर इनटेक बसवला तर पिकअप किती वाढंल?’ ‘रिमॅप मारावा का?’ ‘ह्यो निळा पाईप आपल्या गाडीला बसतो का?’ विचारणाऱ्याच्या मोबाइलवर अमेरिकेतल्या कुठल्याशा मस्टँगचं इंजिन चमकत असतं. उस्ताद पाना खाली ठेवतो आणि म्हणतो, ‘आधी फिल्टर काढून दाखव.’

ही पुस्तिका या उत्तराची फोड करण्यासाठी आहे. ताकदवान गाडीच्या बॉनेटखाली काय बदलावं, काय आहे तसं ठेवावं आणि कशाआधी काय करावं, एवढाच तिचा विषय. तिच्यामागची भूमिका एका वाक्यात सांगता येते: अपग्रेडची यादी कॅटलॉगवरून ठरत नाही, गाडी ज्या हवेत चालते त्या हवेवरून ठरते. जालना जिल्ह्यातल्या परतूरची हवा मे महिन्यात भट्टीसारखी तापलेली असते आणि ऑक्टोबरात मळणीच्या हडंब्याच्या भुश्शानं आणि पांदणीच्या फुफाट्यानं भरलेली. ज्या पार्टनं कॅलिफोर्नियात ताकद वाढते, तोच पार्ट इथं दोन हंगामांत पिस्टनच्या रिंगा खाऊ शकतो. ही गोष्ट पार्ट विकणारा सांगत नाही, कारण त्याला परतूर माहीत नसतं.

मसल कार म्हणजे काय, हे आधी थोडक्यात. १९६४ साली पाँटिअॅक कंपनीनं टेंपेस्ट या मध्यम आकाराच्या गाडीत ३८९ घनइंचांचं, म्हणजे जवळजवळ ६.४ लिटरचं व्ही-आठ इंजिन बसवलं आणि तिला जीटीओ नाव दिलं. मोठं इंजिन, मधली बॉडी, तरुणाला झेपेल अशी किंमत. याच सूत्रातून मसल कारचा जमाना सुरू झाला. त्याच वर्षी १७ एप्रिलला फोर्डची मस्टँग लोकांसमोर आली. सत्तरच्या दशकात तेलटंचाई आणि प्रदूषणाचे नियम आले, तसा तो जोर ओसरला. पुढं २००८ मध्ये डॉज चॅलेंजर परत आली, पाठोपाठ शेव्हर्लेची कॅमॅरो. या दुसऱ्या पिढीला ‘मॉडर्न मसल’ म्हणतात. इंजिन तितकंच दांडगं, पण आता त्याच्यावर कॉम्प्युटरची नजर.

भारतात ही जात अधिकृतपणे आली ती २०१६ मध्ये. फोर्डनं मस्टँग जीटी पाच लिटरच्या व्ही-आठ इंजिनासह आणली. ताकद सुमारे ४०० अश्वशक्ती, टॉर्क ५१५ न्यूटन-मीटर, दिल्लीतली शोरूम किंमत ६५ लाखांच्या घरात. मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर ती दिसते. परतूरच्या बाजारात ती दिसेल अशी अपेक्षा कोणी ठेवत नाही. पण मसल कारचं मूळ सूत्र इथं अनोळखी नाही. २ ऑक्टोबर २०२० रोजी आलेली, नाशिकला तयार होणारी महिंद्राची नवी थार पेट्रोलमध्ये १५० अश्वशक्ती आणि तीनशे किंवा त्याहून थोडा जास्त न्यूटन-मीटर टॉर्क देते. चाकणला तयार होणारी स्कॉर्पिओ-एन त्याच जातीच्या पेट्रोल इंजिनातून २०० अश्वशक्तीच्या आसपास जाते. रांगडी बॉडी, मोठं इंजिन, आणि मळा किंवा दुकान सांभाळणाऱ्या पोराला हप्त्यानं परवडेल अशी किंमत. आमच्याकडची मसल कार हीच.

मराठवाड्याची स्वतःची एक वंशावळही आहे. शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत २००१ पासून स्कोडाची ऑक्टाव्हिया जुळवली जाऊ लागली. तिचीच आरएस ही आवृत्ती १.८ लिटरच्या टर्बो पेट्रोल इंजिनाची होती, १५० अश्वशक्तीची. त्या काळी रस्त्यावरच्या बहुतेक गाड्या शंभराच्या खाली होत्या. इंजिनाच्या कॉम्प्युटरमधला नकाशा बदलून ताकद वाढवता येते, ही गोष्ट अनेक मराठी हौशी माणसांना पहिल्यांदा या गाडीनं शिकवली.

त्याही आधीची परंपरा काळ्या-पिवळ्या जीपगाड्यांची. जुन्या महिंद्रा जीपमधलं डिझेल इंजिन मूळ फ्रान्सच्या प्यूजोचं. जालना, परतूर, मंठा, सेलू या टापूत या जीपगाड्यांनी क्षमतेच्या दुप्पट माणसं वाहिली. त्यांच्या ड्रायव्हरांनी केलेले बदल कुठल्या कॅटलॉगात सापडत नाहीत: ग्रीलची जाळी मोकळी करणं, रेडिएटरला मोठा पंखा लावणं, बॉनेटची मागची कड लाकडाचा तुकडा घालून उचलून धरणं, म्हणजे आतली गरम हवा बाहेर पडेल. यातला शेवटचा उपाय किती लागू पडतो हा वादाचा मुद्दा आहे, कारण काचेच्या मुळाशी हवेचा दाब जास्त असतो आणि वेगात हवा उलट आत शिरू शकते. पण रोग त्यांनी बरोबर ओळखला होता. इथल्या इंजिनाचा पहिला शत्रू उष्णता.

आता मूळ हिशेबाकडे. इंजिन ताकद देतं ती इंधन जाळून, आणि इंधन किती जाळता येईल हे आत किती हवा गेली त्यावर ठरतं. हवा तापली की पातळ होते. २० अंशांच्या हवेच्या तुलनेत ४३ अंशांच्या हवेत, तेवढ्याच जागेत, सुमारे सात टक्के हवा कमी असते. म्हणजे मे महिन्यातल्या दुपारी टर्बो नसलेलं इंजिन काहीही न बिघडता सात टक्के मागं पडतं. बॉनेटच्या आतली हवा तर ७० अंशांवरही जाते. फिल्टरनं ती ओढली तर बाहेरच्या ४३ अंशांच्या हवेपेक्षा आणखी आठ टक्के जातात. पाच-सात टक्के ताकद वाढवण्याच्या नावाखाली विकला जाणारा उघडा कोन फिल्टर इंजिनाच्या शेजारी बसवला की नेमकं हेच होतं. आवाज वाढतो, हवा घटते. आवाज वाढल्यामुळं मालकाला वाटतं गाडी पळायला लागली.

टर्बो असली तर हिशेब आणखी कडक होतो. टर्बो हवा दाबतो आणि दाबलेली हवा तापते. आत येणारी हवा ४३ अंशांची, दाब दुप्पट आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता सत्तर टक्के धरली, तर बाहेर पडताना ती १४० अंशांच्या आसपास असते. तीच हवा ७० अंशांची आत गेली तर आकडा पावणेदोनशेच्या घरात जातो. ही उष्णता उतरवायचं काम इंटरकूलरचं. पण इंटरकूलरही शेवटी बाहेरच्या हवेनंच थंड होतो, त्यामुळं बाहेरच्या तापमानाच्या खाली तो जाऊ शकत नाही. आत येणारी हवा फार गरम झाली की पेट्रोल इंजिनाचा कॉम्प्युटर नॉकिंग टाळण्यासाठी ठिणगी उशिरा टाकतो आणि ताकद आपोआप कापतो. मालक म्हणतो गाडी मेली. गाडी मेलेली नसते, स्वतःला वाचवत असते.

थंड हवेची किंमत अमेरिकेच्या कंपन्यांना आमच्याइतकीच कळते. २०१८ च्या डॉज चॅलेंजर डीमनमध्ये केबिन गार करणाऱ्या एसीचा वायू इंजिनाकडं वळवून आत जाणारी हवा गार करण्याची सोय होती. ८४० अश्वशक्तीची गाडी, आणि तिच्या इंजिनिअरांनी एसीची थंडी माणसाऐवजी इंजिनाला दिली. त्याआधीच्या हेलकॅटमध्ये पुढच्या एका दिव्याच्या जागी पोकळी ठेवून तिथून थेट बाहेरची हवा फिल्टरकडं नेली होती. मोठ्या ताकदीच्या गाड्यांत सर्वांत हुशार काम कुठं झालं, तर हवा गार ठेवण्यात.

म्हणून या पुस्तिकेचं पहिलं प्रकरण रेडिएटरचं आहे, टर्बोचं नाही. काही वाचक ते गाळून पुढं जातील. त्यांना विनंती, निदान पाण्याचा भाग वाचा. मराठवाड्यातलं बोअरचं पाणी जड आहे. घरातल्या गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या नळ्यांत आणि इंजिनाच्या हेडमध्ये बसतो. कूलंट थोडा कमी झाला म्हणून कोणी शेतातल्या मोटारीखाली बाटली धरून रेडिएटरमध्ये ओततं, आणि वर्षभरात नळ्या चोक होतात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, हा नियम महागाचा नाही. याच मिश्रणामुळं उकळण्याचा बिंदू वर जातो. वरचं झाकण दाब धरून ठेवतं म्हणून तो आणखी वर जातो. एक पौंड प्रतिचौरसइंच दाब वाढला की साधारण दीड अंश. झाकणाचा रबर सैल झाला की हा सगळा फायदा गेला. पन्नास हजारांचा ॲल्युमिनियम रेडिएटर घेण्याआधी काहीशे रुपयांचं झाकण बदलून पाहावं, हा सल्ला या पुस्तिकेत पुन्हापुन्हा येतो.

रेडिएटरच्या पुढं काय आहे, हाही विचाराचा भाग. ग्रीलपुढं जाड लोखंडी गार्ड, त्यावर चार गोल दिवे, मध्ये नंबर प्लेट आणि तिच्यामागं हॉर्नची जोडी. हवेला वाट उरत नाही. २०१७ च्या डिसेंबरमध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं असे गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ विरुद्ध असल्याचं राज्यांना कळवलं. त्यात पादचाऱ्यांच्या आणि गाडीत बसलेल्यांच्या जिवाचा मुद्दा होता. आमच्यासाठी इंजिनाच्या थंडाव्याचा तिसरा मुद्दा आहे. गार्ड काढला तर इंजिनाला मोकळी हवा मिळते, आणि हे अपग्रेड फुकट होतं.

समृद्धी महामार्गानं या प्रकरणाला नवी निकड दिली आहे. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्यानं खुला झाला आणि जून २०२५ मध्ये पूर्ण झाला. जालन्यावरून एकदा वर चढलं की १२० च्या वेगमर्यादेत तासन्‌तास एकाच वेगानं गाडी चालते. गावातल्या चाळीसच्या वेगात न दिसलेला चोक रेडिएटर तिथं दुपारी दोन वाजता दिसतो. तापमानाचा काटा वर जायला लागला की तिथं सावलीही नसते.

दुसरं मोठं प्रकरण धुळीचं. माझ्या मते पुस्तिकेचा कणा तेच आहे.

परतूरचा शेतकरी धूळ आणि इंजिन यांचं नातं कोणत्याही इंजिनिअरपेक्षा आधीपासून ओळखतो. जुन्या ट्रॅक्टरवरचा ऑइल बाथ क्लीनर त्यानं स्वतः उघडून, गाळ काढून, नवं ऑइल भरून बसवलेला आहे. त्याच्या डोक्यावरची प्री-क्लीनरची बरणी भरली की मळणी थांबवून ती रिकामी करणारा हाच माणूस. पण तोच माणूस मुलाच्या थारला तेलानं भिजवलेला कापडी ‘परफॉर्मन्स’ फिल्टर लावून देतो, कारण तो लाल आहे आणि आयुष्यभर धुवून वापरता येतो असं डब्यावर लिहिलेलं आहे. असे फिल्टर हवा सहज आत सोडतात, पण सर्वसाधारणपणे कागदी फिल्टरपेक्षा बारीक धूळही जास्त आत सोडतात. वर त्यांचं तेल हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या बारीक पट्टीवर बसतं आणि कॉम्प्युटरला चुकीचा आकडा मिळतो. कंपनीचा कागदी फिल्टर दिसायला साधा असतो, पण त्याची एक खुबी आहे. त्यावर धुळीचा पातळ थर बसला की तो आणखी बारीक धूळ अडवायला लागतो. म्हणून दर आठवड्याला तो काढून दगडावर आपटणं किंवा बाहेरच्या बाजूनं कॉम्प्रेसरची हवा मारणं हे त्याची सेवा नसून हत्या आहे.

गॅरेजवर एक साधी तपासणी चालते. फिल्टर काढायचा, फिल्टरच्या पुढचा, म्हणजे इंजिनाकडं जाणारा पाईप मोकळा करायचा आणि तर्जनी पांढऱ्या फडक्यात गुंडाळून आत फिरवायची. फडकं स्वच्छ निघालं तर काम चोख आहे. काळपट तेलकट निघालं तर इंजिनाचा ब्रीदर बघावा लागतो. आणि फडक्यावर पिवळसर करकरीत माती आली, बोटांत चोळली की खरखरली, तर कितीही महागडा फिल्टर असो, तो काढून फेकायचा. बहुतेक वेळा दोष फिल्टरच्या कागदात नसतोच. एअरबॉक्सची एक क्लिप नीट न बसता वर राहिलेली असते, किंवा बाजारातल्या स्वस्त फिल्टरची रबरी कड दोन-तीन मिलिमीटर आखूड असते, आणि त्या फटीतून मातीची एक बारीक रेघ आत गेलेली स्पष्ट दिसते. ही रेघ ज्यानं एकदा पाहिली त्याला फिल्टर कसा निवडावा हे शिकवावं लागत नाही.

कोल्ड एअर इनटेकचं काय मग? त्याची इथं लागू पडणारी आवृत्ती म्हणजे स्नॉर्केल. लोकांना ते नदी-नाल्यात गाडी घालायचं साधन वाटतं. ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या प्रदेशात ते धुळीसाठीही वापरतात. छपराच्या उंचीवरची हवा बॉनेटच्या आतल्या हवेपेक्षा गार आणि चाकांजवळच्या हवेपेक्षा स्वच्छ असते. वर प्री-क्लीनरचं डोकं बसवलं तर मोठे कण फिरून बाहेर पडतात. ट्रॅक्टरची जुनीच युक्ती. याउलट काही इनटेक किट फिल्टर खाली बंपरच्या आत नेतात, तिथली हवा गार असते म्हणून. परतूरच्या पावसाळ्यात पुलावरून वाहणारं पाणी किती उंच चढतं हे ज्याला माहीत आहे, त्यानं हे किट घेऊ नये. फिल्टरवाटे पाणी सिलिंडरमध्ये गेलं की पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि बिल लाखांत येतं.

रिमॅपचं प्रकरण सर्वांत जास्त विचारलं जातं, म्हणून ते जाणीवपूर्वक तिसरं ठेवलं आहे. कॉम्प्युटरमधला नकाशा बदलून टर्बोचा दाब, इंधन आणि ठिणगीची वेळ बदलता येते आणि टर्बो इंजिनात खरोखर ताकद वाढते. वाढलेली ताकद म्हणजे वाढलेली उष्णता. पहिलं प्रकरण ज्यानं पाळलं नाही त्यानं तिसरं उघडू नये. इंधनाचाही विचार हवा. बाहेरच्या देशात केलेले अनेक नकाशे ९५ किंवा ९८ ऑक्टेनच्या पेट्रोलवर बेतलेले असतात; आपल्याकडं साध्या पेट्रोलची अट वर्षानुवर्षं ९१ होती. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं आहे. इथेनॉलचा ऑक्टेन चढा असतो आणि त्याच्या बाष्पीभवनात आतली हवा थोडी गार होते, ही जमेची बाजू. पण त्यात लिटरमागं पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, आणि जळण्यासाठी इंधनाचं प्रमाण वाढवावं लागतं. दहा टक्के मिश्रणाच्या काळात केलेला जुना नकाशा या इंधनावर इंजिनाला उपाशी ठेवू शकतो. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि सीलही तपासायला हवेत. उसाच्या पट्ट्यात राहून इथेनॉलकडं दुर्लक्ष करणं शोभत नाही.

डिझेलवाल्यांसाठी वेगळी सूचना. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं. तेव्हापासून डिझेल गाडीच्या एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ असतो, आणि इंजेक्टरपर्यंत डिझेल दीड-दोन हजार बार दाबानं जातं. ट्रॅक्टरसाठी ठेवलेल्या ड्रममधलं, तळाशी पाणी साचलेलं डिझेल अशा गाडीत टाकणं म्हणजे इंजेक्टरचा संच हातानं मोडणं. डीपीएफ कापून टाकून वर ‘डिलीट’ नकाशा चढवणारे कारागीर शहरात सापडतात. तो बदल बेकायदा आहे, आणि गावात गाडीमागून येणाऱ्या मुलाला काळा धूर पाजणारा आहे. या पुस्तिकेत त्याची कृती दिलेली नाही, पुढच्या आवृत्तीतही येणार नाही.

छोट्या वस्तूंवर पुस्तिका फार वेळ घालवत नाही. स्ट्रट ब्रेस म्हणजे दोन सस्पेन्शन टॉवर जोडणारी दांडी. ती रेसच्या वळणांवर उपयोगाची. आपल्या रस्त्यांवर दिसायला बरी. सिलिकॉनच्या रंगीत नळ्या टिकतात, पण ताकद देत नाहीत. ऑइल कॅच कॅन मात्र थेट इंजेक्शनच्या पेट्रोल इंजिनाला खरोखर कामाचा आहे. ब्रीदरमधून येणारी तेलाची वाफ इनटेकच्या व्हॉल्व्हवर काजळी बनून बसते आणि अशा इंजिनात तिला धुवायला पेट्रोलचा फवारा नसतो. फक्त डबा वेळच्या वेळी रिकामा करावा आणि ब्रीदरची वाफ बाहेर हवेत सोडून देऊ नये.

वायरिंगचं प्रकरण नीरस वाटेल, पण गाड्या जळतात त्या बऱ्याचदा इथून. मोठे दिवे, मोठा हॉर्न, अॅम्प्लिफायर या सगळ्यांना वेगळा रिले आणि बॅटरीजवळ योग्य अँपिअरचा फ्यूज हवा. मूळ हार्नेसच्या वायरीला काप मारून गुंडाळलेली काळी टेप मेच्या उष्णतेत सुटते. आणि उंदीर. काढणी संपली, शेतात खायला काही उरलं नाही की उंदीर अंगणात उभ्या गाडीच्या गरम इंजिनावर बसायला येतात आणि वायरी कुरतडतात. दोन लाखांचं काम केलेली गाडी सकाळी सुरूच होत नाही, तेव्हा दोष ट्यूनरचा नसून उंदराचा असतो. वायरींभोवती जाड नळी आणि बॉनेटखाली बारीक जाळी, या दोन साध्या गोष्टी अपग्रेडच्या यादीत मुद्दाम घातल्या आहेत.

कायद्याचं प्रकरण शेवटी येतं, पण वाचकानं ते आधी वाचलं तरी चालेल. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की कंपनीनं ठरवलेल्या आणि नोंदणीत लिहिलेल्या तपशिलांपेक्षा वेगळा बदल मालकानं करू नये. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानं केरळच्या एका प्रकरणात हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं बेकायदा बदलाला दर बदलामागं पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. इंजिन बदलायचं असेल तर आरटीओची परवानगी लागते. जालन्याच्या एमएच-२१ नोंदणीच्या गाडीला दुसऱ्या गाडीचं मोठं इंजिन लावून आरसी तशीच ठेवणं म्हणजे अपघाताच्या दिवशी विमा कंपनीला दावा नाकारायचं कारण हातात देणं. चांगल्या प्रतीचा फिल्टर, कूलंट, झाकण, नळ्या, बॅटरी ही देखभालीची कामं आहेत. त्यांना कोणी हरकत घेत नाही. देखभाल आणि बदल यांच्यामधली रेघ कुठं आहे, हे प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी स्वतंत्रपणे लिहिलं आहे. १९६६ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था वाहनांची चाचणी आणि प्रमाणन करतात; ‘मान्यताप्राप्त’ असा शिक्का पार्टवर छापलेला असेल तर कोणाची मान्यता आणि कशाला मान्यता, हे विक्रेत्याला विचारण्याचा हक्क गिऱ्हाइकाला आहे.

ही पुस्तिका कोणासाठी? पहिला वाचक गाडीचा मालक, विशेषतः तो तरुण ज्याच्या हातात पहिल्यांदाच दीडशे अश्वशक्ती आली आहे. दुसरा वाचक तालुक्याच्या गॅरेजमधला शिकाऊ पोरगा. त्याला पान्यांचे नंबर पाठ असतात, पण इनटेक टेंपरेचर म्हणजे काय हे कोणी मराठीत सांगितलेलं नसतं. तिसरा वाचक घरातलं वडीलधारं माणूस, ज्याच्याकडं पैसे मागितले जाणार आहेत. त्यांनी निदान पहिली दोन प्रकरणं वाचावीत, म्हणजे पोराशी बोलताना ‘हे असले थेर नकोत’ याच्या पलीकडं एखादा प्रश्न विचारता येईल.

वाचण्याची रीतही सांगून ठेवतो. प्रत्येक प्रकरणात आधी मोजणी आहे, मग खरेदी. दीड-दोन हजारांत मिळणारा ओबीडी स्कॅनर गाडीच्या प्लगला लावला की मोबाइलवर कूलंटचं तापमान, आत जाणाऱ्या हवेचं तापमान, टर्बोचा दाब हे सगळं दिसतं. मेच्या एका दुपारी परतूर ते जालना जाताना आणि येताना हे आकडे लिहून ठेवावेत. आत जाणारी हवा बाहेरच्या हवेपेक्षा पाच-दहा अंशांनीच गरम असेल, तर कंपनीचा इनटेक त्याचं काम चोख करतो आहे आणि तिथं पैसे घालायची गरज नाही. तीस अंशांचा फरक दिसला, तर त्यामागचं कारण शोधायचं: सैल पाईप, तुटलेला डक्ट, कोणीतरी आधी लावलेला उघडा फिल्टर. कूलंटचं तापमान सपाट रस्त्यावर सतत चढत असेल, तर टर्बोचं नाव काढू नये. बदल केल्यावर त्याच रस्त्यावर, त्याच ऋतूत, त्याच वेळी पुन्हा मोजावं. आकडा हलला नाही तर पार्ट परत करावा. बिल सांभाळून ठेवण्याचा खरा उपयोग तोच.

या रीतीनं गेलं तर बहुतेक वाचकांची खरेदीची यादी आखूड होईल. कूलंट, झाकण, मूळ प्रतीचा एअर फिल्टर, एअरबॉक्सच्या क्लिपा, दोन रिले, उंदराची जाळी. फोटो काढावा असं त्यात काहीच नाही. पण ज्या गाडीत एवढं झालं आहे, तिला पुढं मोठा इंटरकूलर किंवा जाणकाराच्या हातचा रिमॅप दिला तर ती ताकद मे महिन्यातही टिकते. ज्या गाडीत हे झालेलं नाही, तिच्यात वाढवलेली प्रत्येक अश्वशक्ती डिसेंबरापुरती असते. वाचकानं आपली गाडी यातल्या कोणत्या गटात आहे, एवढं जरी या पानांवरून ठरवलं, तरी पुस्तिकेची किंमत वसूल झाली असं मी समजेन.

परतूर, जि. जालना